विदुषी ग्रेस हॉपर

नेरळ स्टेशनावर उतरून माथेरानास जाणाऱ्या प्रवाशास गाडी बदलावी लागते, हें आपल्या कर्जत तालुक्यांतील लहान मुलासही ठाऊक आहे. मुंबईहून येणारी गाडी साडेपांच फूट रुंदीच्या रुळांवरून धांवते, आणि १९०७ सालीं सुरू झालेली माथेरानची चिमुकली गाडी अवघ्या दोन फूट रुंदीच्या रुळांवरून डोंगर चढते. दोन्ही लोहमार्गच, परंतु एकीचीं चाकें दुसरीच्या रुळांवर बसावयाचीं नाहींत. मग गाडी हांकणारा कितीही कुशल असो. संगणकांच्या सृष्टींतही असाच रुळांचा भेद आहे. एका यंत्रावर बिनचूक चाललेली आज्ञावली दुसऱ्या यंत्रावर नेली कीं पुष्कळदां ती पहिल्याच पावलास अडखळते, आणि अमुक फाईल सांपडत नाहीं असें सांगून यंत्र स्वस्थ बसतें. लिहिणाराच्या बुद्धींत उणीव नसते, गणितांतही चूक नसते. तरी काम अडतें. यंत्रायंत्रांतील हा भेद माणसाच्या कामाआड येऊं नये, याकरितां ज्यांनीं आपल्या आयुष्याचीं चाळीस वर्षें वेंचलीं, त्या अमेरिकन विदुषी ग्रेस हॉपर यांचें चरित्र वाचकांपुढें ठेवण्याचें योजिलें आहे.

ग्रेस ब्रूस्टर मरे यांचा जन्म ९ डिसेंबर १९०६ रोजीं न्यू यॉर्क शहरीं झाला. वडील वॉल्टर मरे विम्याचा व्यवसाय करीत. आई मेरी यांना गणिताची, विशेषतः भूमितीची, फार आवड होती. परंतु त्या काळच्या रीतीमुळें त्यांस तो विषय पुढें अभ्यासतां आला नाहीं. तीन भावंडांत ग्रेस या थोरल्या. सातव्या वर्षीं घरांतील गजराचें घड्याळ आंतून कसें चालतें हें पाहण्याची त्यांना इच्छा झाली. त्यांनीं तें उघडलें. पण सुटे झालेले भाग पुन्हां जुळेनात. म्हणून तें कसें जुळतें हें पाहण्याकरितां दुसरें उघडलें, मग तिसरें. आणि असें करतां करतां घरांतील सातही घड्याळें मोकळीं झालीं. आईनें मुलीस मार दिला नाहीं. यापुढें प्रयोगास एकच घड्याळ घ्यावें, एवढाच निर्बंध घातला. पुढें ज्या वृत्तीनें या बाईंनीं मोठमोठीं गणकयंत्रें हाताळलीं, तिचें बीज या प्रसंगांत दिसून येतें.

वडिलांना रक्तवाहिन्यांचा विकार जडला व त्यांचे दोन्ही पाय कापावे लागले. आपल्या पश्चात् मुलींना दुसऱ्याच्या तोंडाकडे पाहण्याची वेळ येऊं नये, म्हणून मुलाइतकेंच शिक्षण मुलींनाही द्यावयाचें, असा त्यांनीं निश्चय केला. ग्रेस यांनीं व्हासार कॉलेजांत प्रवेश मागितला, तेव्हां लॅटिन भाषेंत गुण कमी पडल्यामुळें तो नाकारण्यांत आला. त्या खचल्या नाहींत. एक वर्ष अभ्यास करून पुन्हां परीक्षेस बसल्या व सतराव्या वर्षीं कॉलेजांत दाखल झाल्या. १९२८ सालीं गणित व पदार्थविज्ञान हे विषय घेऊन त्या पदवीधर झाल्या. येल विश्वविद्यालयांतून १९३० सालीं एम्. ए. व १९३४ सालीं गणितांत डॉक्टर ही पदवी त्यांनीं मिळविली. स्त्रियांना अशी पदवी मिळणें त्या काळीं विरळच होतें. १९३० सालीं व्हिन्सेंट हॉपर नांवाच्या प्राध्यापकांशीं त्यांचा विवाह झाला. तो संबंध १९४५ सालीं सुटला; परंतु हॉपर हें नांव त्यांनीं अखेरपर्यंत ठेविलें, आणि त्याच नांवानें त्या जगाला परिचित आहेत.

१९३१ पासून त्या व्हासार येथेंच गणित शिकवूं लागल्या. गणिताच्या वर्गांत त्या मुलींकडून निबंध लिहवून घेत! आम्ही गणित शिकावयास आलों, भाषा शिकावयास नव्हे, अशी मुलींची तक्रार असे. बाईंचें उत्तर असें कीं, जें दुसऱ्यास समजावून सांगतां येत नाहीं, तें शिकून काय उपयोग? यंत्रांनींही माणसाला समजेल अशा भाषेंत बोललें पाहिजे, हा आग्रह त्यांनीं पुढें धरला, त्याचें मूळ या वर्गांतच आहे.

दुसऱ्या महायुद्धांत अमेरिका उतरल्यावर बाईंना आरमारांत जाण्याची उत्कंठा लागली. त्यांचे एक पूर्वज आरमारांत अधिकारी होते. परंतु बाईंचें वय सदतिशीच्या घरांत आलेलें, आणि वजन नियमापेक्षां पंधरा पौंड कमी. शिवाय गणिताचा प्राध्यापक कॉलेजांतच राहिला तर देशाची सेवा अधिक घडेल, असें सरकारी मत होतें. त्यांनीं खटपट करून सवलत मिळविली, डिसेंबर १९४३ मध्यें आरमाराच्या राखीव दलांत नांव नोंदविलें, आणि शिक्षणक्रमांत पहिला क्रमांक पटकावला. जुलै १९४४ मध्यें त्यांची नेमणूक हार्वर्ड विश्वविद्यालयांत झाली. तेथें हॉवर्ड एकेन यांच्या देखरेखीखालीं मार्क वन् हें प्रचंड गणकयंत्र चालत होतें.

हें यंत्र ५१ फूट लांब व ८ फूट उंच होतें. त्याचें वजन सुमारें पांच टन. एका सेकंदांत तें तीन बेरजा करी. एका गुणाकारास त्यास सुमारें सहा सेकंद लागत. आजच्या खिशांतील फोनपुढें ही गति हास्यास्पद वाटेल. परंतु त्या काळीं तो एक चमत्कारच होता. कागदी पट्टीवर भोकें पाडून यंत्रास आज्ञा देत असत. आरमाराला तोफांच्या माऱ्याचीं कोष्टकें तांतडीनें हवीं असत, आणि यंत्र रात्रंदिवस चालू असे. या यंत्राचे जे अगदीं पहिले आज्ञावलीकार होते, त्यांत हॉपरबाईंची गणना होते. यंत्र कसें वापरावें हें सांगणारें पांचशेंहून अधिक पानांचें पुस्तक त्यांनीं सिद्ध केलें, व तें १९४६ सालीं प्रसिद्ध झालें.

येथेंच एका लोकप्रिय कथेचा खुलासा करणें इष्ट होईल. ९ सप्टेंबर १९४७ रोजीं मार्क टू या पुढच्या यंत्राच्या एका रिलेंत एक पतंग अडकून मेलेला सांपडला. तो रोजनाम्यांत चिकटवून ठेवण्यांत आला, आणि तें पान आज वॉशिंग्टन येथील स्मिथ्सोनियन संस्थेच्या संग्रहालयांत आहे. आज्ञावलींतील चुकीस बग्, म्हणजे किडा, हा शब्द हॉपरबाईंनीं त्या दिवशीं प्रथम योजिला, असें पुष्कळ ठिकाणीं छापलेलें असतें. तें खरें नव्हे. यंत्रांतील दोषास किडा म्हणण्याची रूढि एडिसनच्या काळापासून होती, आणि तो पतंग बाईंना स्वतःला सांपडलेलाही नव्हता. बाईंनीं ती हकीकत पुढें व्याख्यानांतून मोठ्या रसाळपणें सांगितली, म्हणून ती त्यांच्या नांवाशीं जोडली गेली. त्यांची खरी कीर्ति इतकी मोठी आहे कीं तिला या उसन्या अलंकाराची गरज नाहीं.

युद्ध संपल्यावर, १९४९ सालीं, बाईंनीं एकर्ट व मॉकली यांच्या कंपनींत प्रवेश केला. तेथें युनिव्हॅक नांवाचें यंत्र तयार होत होतें. १९५० सालीं ही कंपनी रेमिंग्टन रँड या संस्थेनें विकत घेतली, आणि १९५१ सालीं पहिलें युनिव्हॅक अमेरिकेच्या जनगणना खात्यास मिळालें. येथें बाईंच्या ध्यानांत एक गोष्ट पक्की आली. वर्गमूळ, साइन इत्यादि नेहमींच्या गणितांच्या आज्ञा एकदां तपासून बरोबर ठरल्या कीं आज्ञावलीकार त्या वहींत उतरून ठेवीत, आणि पुढें गरज पडेल तेव्हां नव्या आज्ञावलींत नकलून घेत. नकलतांना अक्षर चुके. पण त्याहूनही सूक्ष्म अशी दुसरी चूक होई. वहींतील प्रत्येक तुकडा शून्य या क्रमांकापासून मोजलेला असे. तो नव्या आज्ञावलींत शंभराव्या घरापासून बसवावयाचा असल्यास, तुकड्यांतील प्रत्येक पत्त्यांत शंभर मिळवावे लागत. एका जरी पत्त्यांत बेरीज चुकली, तर यंत्र भलत्याच घरीं जाऊन भलतीच वस्तु उचलून आणी. तुकडा निर्दोष, आज्ञा निर्दोष, केवळ पत्ता चुकीचा. आणि सारें काम फुकट!

बाईंनीं विचार केला कीं, बरोबर नकल करणें व बरोबर बेरीज करणें यांत माणूस कच्चा आहे. आणि यंत्र तर नेमकें त्यांतच निष्णात आहे. मग हें काम यंत्राकडेच कां देऊं नये? त्यांनीं असे तपासलेले तुकडे एका चुंबकीय फितीवर सांठविले, प्रत्येकास एक क्रमांक दिला, आणि अशी एक आज्ञावली रचिली कीं तिला केवळ क्रमांक सांगितले असतां ती तुकडे शोधून आणी, त्यांचे पत्ते दुरुस्त करी व सर्वांची एकत्र जुळणी करी. जुळणी करणारा म्हणून तिला कंपायलर हें नांव मिळालें. १९५२ सालीं सिद्ध झालेला हा ए-झीरो कंपायलर होय. आज कंपायलर या शब्दाचा अर्थ अधिक व्यापक झाला आहे, आणि ए-झीरोचें काम आजच्या लिंकर व लोडर या साधनांशीं अधिक जुळतें, हें येथें नमूद केलें पाहिजे. परंतु पत्ते जुळविण्याचें कष्ट माणसानें न करतां यंत्रानें करावेत, ही कल्पना तेथें प्रत्यक्षांत उतरली. गणकयंत्र केवळ आंकडेमोड करतें, तें आज्ञावली लिहूं शकत नाहीं, अशी तज्ज्ञांची समजूत असल्यामुळें पुष्कळ दिवस त्यांवर कोणी विश्वास ठेवीना.

बाईंचें पुढचें पाऊल याहूनही धीट होतें. व्यापारी मंडळींस बीजगणिताच्या चिन्हांनीं यंत्राशीं बोलतां यावयाचें नाहीं. त्यांस साध्या इंग्रजी शब्दांनीं आज्ञा देतां आल्या पाहिजेत, असें त्यांनीं प्रतिपादिलें. ही गोष्ट शक्य आहे हें दाखविण्याकरितां त्यांनीं एक लहान आज्ञावली इंग्रजी शब्दांत लिहून चालविली, आणि मग तीच फ्रेंच व जर्मन शब्दांतही मांडून दाखविली. त्यांच्याच सांगण्याप्रमाणें, याचा परिणाम विपरीत झाला. अमेरिकेंत बनलेलें यंत्र परकी भाषा समजतें, हें वरिष्ठांना पटेना! वास्तविक यंत्रास इंग्रजीही येत नव्हती व फ्रेंचही येत नव्हती. खुणांच्या जागीं दुसऱ्या खुणा ठेविल्या होत्या, इतकेंच. मराठी वाचकास ही गोष्ट विशेष मननीय वाटेल. कोणतीही भाषा यंत्राची जन्मभाषा नाहीं. माणसानें जी खूण ठरवावी ती यंत्रानें मानावी. बाईंच्या या प्रयत्नांतून फ्लो-मॅटिक ही व्यापारी कामांची भाषा निर्माण झाली.

तोंवर गणकयंत्रें बनविणाऱ्या कंपन्या अनेक झाल्या होत्या, आणि प्रत्येकीच्या यंत्राची भाषा निराळी होती. एखाद्या खात्यानें एका कंपनीचें यंत्र टाकून दुसरीचें घेतलें, कीं वर्षानुवर्षें लिहिलेल्या आज्ञावली कवडीमोल होत. ही उधळपट्टी थांबविण्याकरितां मे १९५९ मध्यें अमेरिकेच्या संरक्षण खात्याच्या आश्रयाखालीं एक सभा भरली, आणि तिच्यांतून कोबोल ही सर्व यंत्रांना समान अशी भाषा उदयास आली. कोबोल एकट्या हॉपरबाईंनीं निर्माण केली असें म्हणणें न्यायाचें होणार नाहीं. मेरी हॉज, जीन सॅमेट इत्यादि अनेकांचे श्रम तींत आहेत. बाई सल्लागार होत्या; परंतु नव्या भाषेचा पाया बह्वंशीं त्यांच्या फ्लो-मॅटिकवर उभारला गेला, हें सर्वमान्य आहे.

या भाषेची एक योजना फार मार्मिक आहे. कोबोलमधील प्रत्येक आज्ञावलीचे चार विभाग असतात. पहिल्यांत आज्ञावलीची ओळख, दुसऱ्यांत ती ज्या यंत्रावर चालावयाची त्याची परिस्थिति, तिसऱ्यांत सामग्रीचें वर्णन, व चवथ्यांत प्रत्यक्ष कृति. यंत्रायंत्रांत जो फरक असेल, तो शक्य तों सारा दुसऱ्या विभागांत गोळा करावयाचा. फाईल कोणत्या साधनावर, कोणत्या नांवानें ठेविली आहे, हें तेथेंच एकदां सांगावयाचें. पुढील सर्व आज्ञांत फाईलला आपलें ठरीव नांव घेऊनच हांक मारावयाची. ती फितीवर आहे कीं अन्यत्र, याची कृतिविभागास वार्ताही नसावी. पुण्याकडे जाणाऱ्या गाडीस बोरघाट चढण्याकरितां कर्जत येथें मागून जादा इंजिनें लावतात, तेव्हां डबे बदलत नाहींत, उतारू बदलत नाहींत, सामान हलवावें लागत नाहीं. घाटाची अडचण एका ठिकाणीं ओळखलेली असते, आणि तिचा उपायही त्याच एका ठिकाणीं केलेला असतो. तसेंच हें.

ही योजना कागदावरच राहिली नाहीं. डिसेंबर १९६० मध्यें एकच कोबोल आज्ञावली प्रथम आर. सी. ए. कंपनीच्या यंत्रावर व लगेच रेमिंग्टन रँडच्या युनिव्हॅकवर चालवून दाखविण्यांत आली. किरकोळ बदल करावे लागले. पण दोन प्रतिस्पर्धी कंपन्यांचीं, सर्वस्वी निराळ्या घडणीचीं दोन यंत्रें एकाच लेखनानें चाललीं.

आजच्या विद्यार्थ्यासही हाच प्रश्न रोज भेटतो, म्हणून त्याचा थोडा विचार येथें करूं. विंडोज असलेल्या संगणकावर एखाद्यानें आज्ञावली लिहिली व ती तेथें उत्तम चालली. तीच लिनक्स असलेल्या संगणकावर नेतांच कंपायलर फाईल सांपडत नाहीं म्हणून सांगतो. याचीं कारणें चारदोनच आहेत. पहिलें कारण तिरक्या रेघेचें. १९६९ नंतर बेल प्रयोगशाळेंत उदयास आलेल्या युनिक्सनें फोल्डर व फाईल यांच्या नांवांमध्यें उजवीकडे झुकलेली रेघ, म्हणजे फॉरवर्ड स्लॅश, घातली. १९८१ च्या डॉसमध्यें फोल्डर नव्हतेच, आणि ती रेघ आज्ञांचे पर्याय सांगण्याकरितां खर्ची पडली होती. १९८३ सालीं डॉसच्या दुसऱ्या आवृत्तींत फोल्डर आले, तेव्हां उरलेली डावीकडे झुकणारी रेघ, म्हणजे बॅकस्लॅश, घेणें भाग पडलें. त्या एका तडजोडीचा वारसा विंडोज अद्याप चालवीत आहे. उलटपक्षीं सी या भाषेंत अवतरणचिन्हांतील मजकुरांत बॅकस्लॅशला स्वतंत्र अर्थ आहे. त्यापुढें रोमन एन् आला कीं त्याची नवी ओळ होते, आणि फाईलचा पत्ता मध्यें तुटतो. उपाय सोपा आहे. विंडोजवरील कंपायलरही फॉरवर्ड स्लॅश मानतात. म्हणून आज्ञावलींत सर्वत्र तीच रेघ लिहावी.

दुसरें कारण अक्षरांचें. रोमन लिपींत मोठीं व लहान अशीं दोन प्रकारचीं अक्षरें आहेत. विंडोज सामान्यतः हा भेद मनावर घेत नाहीं. लिनक्स मात्र तो काटेकोरपणें पाळतें. आपल्या देवनागरींत असा भेद नसल्यामुळें मराठी विद्यार्थ्याची नजर तेथें सहज चुकते. पण दिन आणि दीन यांत केवढें अंतर आहे, हें जो जाणतो, त्यास लिनक्सचा हा काटेकोरपणा समजण्यास कठीण जाऊं नये. फाईलचें नांव जसें ठेविलें असेल, अक्षरशः तसेंच आज्ञावलींत लिहावें. आणि सर्व नांवें लहान अक्षरांत व मध्यें मोकळी जागा न सोडतां ठेवण्याचा परिपाठ ठेवावा, म्हणजे वादच उरत नाहीं.

तिसरें कारण पत्त्याचें. कर्जत या नांवाचीं तालुक्याचीं गांवें महाराष्ट्रांत दोन आहेत. एक आपल्या रायगड जिल्ह्यांत, व दुसरें पूर्वीच्या अहमदनगर, म्हणजे आतांच्या अहिल्यानगर जिल्ह्यांत. नुसतें कर्जत लिहिलेलें पत्र कोणत्या गांवीं जावें? अशा घोंटाळ्यांवर तोड म्हणून डाकखात्यांतील अधिकारी व संस्कृत कवि श्रीराम भिकाजी वेलणकर यांनीं सहा आंकड्यांच्या पिन कोडाची योजना आंखली, व ती १५ ऑगस्ट १९७२ रोजीं देशांत सुरू झाली. संगणकावर मात्र याच्या उलट चूकही संभवते. आज्ञावलींत आपल्याच यंत्रावरील सबंध पत्ता, डिस्कच्या अक्षरापासून व आपल्या नांवाच्या फोल्डरापासून, लिहून ठेविला, तर दुसऱ्याच्या यंत्रावर ती डिस्कही नसते आणि तो फोल्डरही नसतो. म्हणून प्रकल्पाच्या मुख्य फोल्डरापासून पुढचा सापेक्ष पत्ता द्यावा. तो फोल्डर कोठेंही उचलून नेला तरी आंतील अंतरें बदलत नाहींत. आणि जो पत्ता यंत्रागणिक बदलणें अटळच असेल, तो आज्ञावलीभर विखरून न ठेवतां एकाच ठिकाणीं लिहावा. हा शेवटचा नियम म्हणजे कोबोलच्या दुसऱ्या विभागाचेंच तत्त्व होय. सी प्लस प्लस या भाषेंत २०१७ च्या आवृत्तीपासून फाईलचे पत्ते जोडण्याचीं तयार साधनें भाषेंतच मिळतात. पायथॉनमध्येंही तीं आहेत. रेघ कोणती हवी तें तीं साधनेंच यंत्र पाहून ठरवितात. पत्त्याची बेरीज यंत्राकडे सोंपविण्याचा बाईंचा विचार येथें पुन्हां भेटतो.

यंत्रभेदाच्या या प्रश्नाशीं आपल्या महाराष्ट्राचाही जुना संबंध आहे. मुंबईच्या टाटा कन्सल्टन्सी सर्व्हिसेस या १९६८ सालीं स्थापन झालेल्या संस्थेस परदेशाचें जें पहिलें आज्ञावलीचें काम १९७४ सालीं मिळालें, तें नेमकें याच जातीचें होतें. रुग्णालयाच्या कारभाराची एक आज्ञावली बरोज कंपनीच्या मध्यम यंत्रांच्या कोबोलमध्यें लिहिलेली होती. ती त्याच कंपनीच्या लहान यंत्रांच्या कोबोलमध्यें आणावयाची होती. विशेष हें कीं, हें काम मुंबईंत ज्या यंत्रावर झालें, तें तिसऱ्याच, म्हणजे आय. सी. एल्. या इंग्लिश कंपनीचें होतें. पुढें ज्या उद्योगानें या देशांतील लक्षावधि तरुणांस अन्न दिलें, त्याचा आरंभ अशा रीतीनें एका यंत्राची आज्ञावली दुसऱ्या यंत्रास समजावून देण्यापासून झाला.

एकाच कंपनीच्या दोन यंत्रांतही कोबोल निराळी असावी, हें ऐकून कोणास नवल वाटेल. पण भाषा एक ठरली तरी प्रत्येक कंपनी तींत आपली भर घाली, आणि कालांतरानें पुन्हां पोटभाषा झाल्या. १९६६ च्या अखेरीस आरमारानें हॉपरबाईंना वयोमानानुसार निवृत्त केलें होतें. परंतु आरमाराच्या यंत्रांवरील या भाषाभेदानें सर्वांस इतकें सतावून सोडलें कीं ऑगस्ट १९६७ मध्यें त्यांना सहा महिन्यांकरितां परत बोलाविण्यांत आलें. ते सहा महिने जवळजवळ एकोणीस वर्षें चालले! बाईंनीं तेथें उपदेश केला नाहीं. कसोट्या तयार केल्या. जो कंपायलर कोबोलचा म्हणून विकावयास येई, त्याजकडून या नमुन्याच्या आज्ञावली चालवून घेत. उत्तरें बरोबर आलीं तर तो खरा. १९६८ सालीं कोबोलचें प्रमाण स्वरूप ठरलें, आणि अशा कसोट्यांमुळें त्या प्रमाणास वजन आलें. नियम करणें सोपें असतें. नियम पाळला जातो कीं नाहीं हें तपासण्याची सोय करणें अवघड, आणि तेंच काम बाईंनीं पत्करलें.

बाईंचा खरा पिंड शिक्षकाचा होता. व्याख्यानास जातांना त्या तारेचे लहान लहान तुकडे बरोबर नेत. प्रत्येक तुकडा सुमारें ३० सेंटिमीटर लांब. एका सेकंदाच्या अब्जांशांत प्रकाश अधिकांत अधिक तेवढेंच अंतर जातो. तो तुकडा श्रोत्यांच्या हातीं देऊन त्या सांगत कीं वेळ अशी डोळ्यांनीं पाहतां येते, ती उधळूं नका. त्यांच्या कचेरींतील घड्याळाचे कांटे उलट दिशेनें फिरत. वेळ तेंही बरोबरच दाखवी! चालत आलेली रीत हीच एक रीत नव्हे, हें येणाराच्या मनावर बिंबावें हा त्यांत हेतु होता.

१४ ऑगस्ट १९८६ रोजीं, वयाच्या ७९ व्या वर्षीं, बोस्टन बंदरांत कॉन्स्टिट्यूशन या ऐतिहासिक युद्धनौकेवर त्यांचा निरोपसमारंभ झाला. त्या वेळीं त्या रिअर अॅडमिरल या हुद्द्यावर होत्या. त्यानंतरही त्या घरीं बसल्या नाहींत. डिजिटल इक्विपमेंट कंपनीच्या सल्लागार म्हणून शेवटपर्यंत काम करीत राहिल्या. १९९१ सालीं तंत्रविद्येचें राष्ट्रीय पदक त्यांना मिळालें. १ जानेवारी १९९२ रोजीं त्यांचें निधन झालें, आणि आर्लिंग्टन येथील राष्ट्रीय स्मशानभूमींत लष्करी इतमामानें त्यांस मूठमाती देण्यांत आली. पुढें एका विनाशिकेस त्यांचें नांव देण्यांत आलें, आणि ती १९९७ सालीं आरमारांत दाखल झाली. २०१६ सालीं अमेरिकेच्या अध्यक्षांनीं स्वातंत्र्यपदक देऊन त्यांचा मरणोत्तर गौरव केला.

या चरित्राचें सार काय? हॉपरबाईंनीं कोणतेंही नवें यंत्र बांधिलें नाहीं, गणिताचा एखादा गाजलेला सिद्धांत त्यांच्या नांवावर नाहीं. दुसऱ्यांस जी गोष्ट किरकोळ वाटे, वहींतून नकलणें, पत्त्यांत शंभर मिळविणें, एका यंत्राची फाईल दुसऱ्यास सांपडेनाशी होणें, ती त्यांनीं किरकोळ मानली नाहीं. एकच चूक पुष्कळ शहाणीं माणसें वारंवार करूं लागलीं, तर दोष माणसांचा नसून रचनेचा आहे, असें त्यांनीं ओळखलें व रचनाच बदलली. आपल्या तालुक्यांतील शाळांतून जे विद्यार्थी उद्यां संगणकावर काम करतील, त्यांच्या हातचें काम कोणत्या शहरीं, कोणत्या यंत्रावर जाऊन पोंचेल, हें आज कोणास सांगतां यावयाचें नाहीं. म्हणून लिहितांनाच त्यांनीं एक प्रश्न स्वतःस विचारावा: हें माझ्या यंत्राखेरीज अन्यत्र चालेल काय? आपल्या खोलींत जें सहज हाताशीं असतें, तें सर्व जगाच्याही हाताशीं असेल, असें गृहीत धरणें हीच या सर्व चुकांची जननी आहे. दुसऱ्याची खोली निराळी असेल ही जाणीव ठेवून जो लिहितो, त्याची आज्ञावली दूरवर जाते, आणि बहुधा त्याचा शब्दही.